अण्णांचा गोल्डफिंगर

२०२३ च्या जूनमध्ये अण्णा पहिल्यांदा लंडनला आले. गुडघ्यांमुळे आई आली नाही, पण तिने बॅग भरून दिली होती. मेतकूट, कांदा-लसूण चटणी, बीपीच्या गोळ्या, आणि सगळ्यांच्या खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जाड वही. ती आईने नव्हती ठेवली. दुकानातली जुनी मापाची वही होती ती, कडा काळ्या पडलेली.

"अण्णा, दुकान बंद करून चार वर्षं झाली. आता ही कशाला आणलीत?"

"असू दे गं. वजन कितीसं आहे?"

माझे वडील टेलर. कराडला बाजारपेठेतल्या एका बोळात त्यांचं दुकान होतं आणि पाटीवर 'सूट व सफारी स्पेशालिस्ट' असं लिहिलेलं होतं. आत भिंतीवर दोन तसबिरी. एक संत नामदेव महाराजांची, कारण आम्ही शिंपी. दुसरी कुठल्याशा इंग्रजी मासिकातून कापून काचेत बसवलेली, राखाडी सूटमधल्या शॉन कॉनरीची. उदबत्ती पहिल्या तसबिरीला लावायची, पण धूर दोन्हींवर जायचा. लहानपणी मला तो कुणीतरी नात्यातलाच माणूस वाटायचा.

अण्णा सिनेमाचे वेडे होते, पण त्यांचं वेड इतरांसारखं नव्हतं. १९७० साली चौदाव्या वर्षी ते कोल्हापूरला एका मास्तरांकडे काम शिकायला राहिले. त्या काळी नवा सिनेमा लागला की चार दिवसांत पोरं दुकानात येऊन उभी राहायची. राजेश खन्नाचा गुरू शर्ट पाहिजे, नंतर अमिताभसारखी बेलबॉटम पाहिजे. मास्तरांना स्वतःला सिनेमाचा तिटकारा. मग तिकिटाचे पैसे देऊन अण्णांना पाठवायचे. "कॉलर किती इंची, खिसा कुठं, बटणं किती, एवढं बघून ये. गाणी बघत बसू नको." असा पगारी सिनेमा बघणारा माणूस मी दुसरा ऐकलेला नाही.

त्यातच एका रविवारी मॉर्निंग शोला त्यांनी 'गोल्डफिंगर' बघितला. सिनेमा १९६४ चा. तो कोल्हापुरात फिरत फिरत येईपर्यंत बरीच वर्षं गेली होती. अण्णांना इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. "भाषा कळत नव्हती, म्हणून मी कपडेच बघितले," हे त्यांचं वाक्य आमच्या घरात म्हणीसारखं झालं आहे. सुरुवातीलाच बाँड पाण्यातून वर येतो, अंगावरचा रबरी पोशाख उतरवतो, आणि आत पांढरा डिनर जॅकेट, छातीवर लाल कार्नेशनचं फूल. सगळं थिएटर शिट्ट्या मारत होतं. अण्णा मात्र मनात म्हणत होते, हे खोटं आहे, इतका वेळ रबरात दाबल्यावर कोटावर एक तरी सुरकुती पाहिजेच. पण पुढे तो राखाडी चौकडीचा थ्री-पीस आला आणि अण्णा गप्प झाले. वेस्टकोटाला चक्क छोटी लॅपल! खांदा मऊ, छाती भरलेली, कंबर आत घेतलेली, पँटला पट्टाच नाही, बाजूला बटणाच्या पट्ट्या. सिनेमा कुणी जिंकला हे त्यांना आजही नीट सांगता येत नाही. तो कोट मात्र त्यांनी त्याच रात्री मापाच्या वहीत काढून ठेवला. पुढे १९७६ ला स्वतःचं दुकान काढल्यावर कराड-पाटण भागातल्या कितीतरी नवरदेवांनी त्या कटचा कोट घालून अक्षता झेलल्या. शॉन कॉनरीला याचा पत्ताही नव्हता, आणि बहुतेक नवरदेवांनाही नव्हता.

एक गोष्ट इथे लिहायची का नाही यावर मी बरेच दिवस घालवले. पण ती वगळली तर पुढचं लिहिण्यात अर्थ नाही. शाळेत वडिलांचा व्यवसाय सांगायची वेळ आली की मी हळू आवाजात सांगत असे. कॉलेजात गेल्यावर सांगणंच टाळायला शिकले. मराठीत एम.ए. केलं, बी.एड. केलं, पुण्यात शिक्षिका झाले. लग्न ठरताना पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारलं, तेव्हा अण्णांच्या देखत मी म्हणाले, "कराडला कापडाचा व्यवसाय आहे." सासरची मंडळी इतकी साधी निघाली की टेलर म्हटलं असतं तरी कुणाची भुवई हलली नसती. अण्णा तेव्हा काही बोलले नाहीत. लग्नात नवऱ्याचा सूट त्यांनीच शिवला आणि तो इतका सुरेख बसला की फोटोत नवऱ्यापेक्षा सूटच जास्त भाव खाऊन जातो. पण ते वाक्य माझ्याकडून गेलं ते गेलंच.

तर अण्णा आल्यावर राणीचा राजवाडा, लंडन आय, टॉवर ब्रिज सगळं दाखवून झालं. ते "छान आहे" म्हणायचे आणि समोरच्या माणसाच्या जॅकेटची पाठ बघत बसायचे. शेवटी एका मंगळवारी मुलाला शाळेत सोडलं आणि हॅरोहून बेकरलू लाइन पकडून आम्ही दोघं ऑक्सफर्ड सर्कसला उतरलो. कुठे चाललोय हे मी सांगितलं नव्हतं. रीजंट स्ट्रीटवरून कॉन्डुइट स्ट्रीटला वळल्यावर मात्र राहवेना. म्हटलं, "अण्णा, तुमच्या शॉन कॉनरीचा टेलर या रस्त्यावर होता. अँथनी सिंक्लेअर त्याचं नाव."

ते जागच्या जागी थांबले. मी वाचून ठेवलेलं सगळं सांगितलं. कॉनरी मूळचा एडिंबरोच्या गरीब घरातला, व्यायामानं कमावलेल्या शरीराचा. त्याला सुटाची कसली सवय? 'डॉ. नो'चे दिग्दर्शक टेरेन्स यंग यांनी त्याला आपल्या स्वतःच्या टेलरकडे, म्हणजे या सिंक्लेअरकडे आणलं. अंगावर सूट मुरावा म्हणून त्याला सूट घालूनच झोपायला लावलं, असंही सांगतात. तो कट पुढे रस्त्याच्या नावानेच प्रसिद्ध झाला, कॉन्डुइट कट.

"झोपायला लावलं ते बरोबर केलं," अण्णा म्हणाले. "लोकर असेल तर टांगून ठेवल्यावर सुरकुती आपोआप जाते. पण माणसाचं बुजणं जायला वेळ लागतो."

सॅव्हिल रो कॉन्डुइट स्ट्रीटलाच येऊन मिळतो. तुमच्यापैकी ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांना सांगते, बघण्यासारखा रस्ता नाही तो. लांबीला बेताचा, दोन्ही बाजूंना गंभीर चेहऱ्याच्या इमारती. बीटल्सचे चाहते ३ नंबरपाशी मान वर करून उभे असतात, कारण ३० जानेवारी १९६९ ला त्याच गच्चीवर ते शेवटचं वाजवून गेले. ११ नंबरला हंट्समन. १८४९ पासूनचं दुकान, 'किंग्जमन' सिनेमातलं हेरांचं टेलर-दुकान म्हणून तरुण पोरं त्याच्यासमोर फोटो काढतात. आत भिंतीवर शिंगांसह हरणांची दोन मोठी डोकी आहेत. १९२१ मध्ये एक गिऱ्हाईक ती ठेवून जेवायला म्हणून गेलं आणि परत आलंच नाही, अशी त्यांची कथा. ती ऐकून अण्णा म्हणाले, "माझ्याकडं तर तीन नवरदेवांचे सूट तसेच पडून आहेत. लग्नं मोडली."

पण अण्णांना पुढच्या दारांपेक्षा खालच्या खिडक्या आवडल्या. तिथल्या बऱ्याच दुकानांचे कारखाने तळघरात आहेत, आणि फुटपाथवरून कठड्याला टेकून वाकून बघितलं की खाली माणसं काम करताना दिसतात. एकाने मांडीवर कोट घेतला होता आणि मान खाली घालून तो टाके घालत होता. शेजारी खुंट्यांवर जाड कागदाचे कट टांगलेले, प्रत्येकावर गिऱ्हाइकाचं नाव. अण्णा कठडा धरून उभे राहिले ते हलेचनात. येणारी-जाणारी माणसं आम्हाला वळसा घालून जात होती. मला ओशाळल्यासारखं झालं. हो, तेव्हाही झालं.

मग मी धीर करून एका दुकानात आधी फोनवर बोलून ठेवलं होतं तिथे त्यांना नेलं. त्या दुकानाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथल्या कटरने आमच्यासाठी जे केलं ते कदाचित त्याच्या नियमात बसत नसेल. आत गालिचा, लाकडी कपाटं, कापडाचे ठाण, आणि आमच्या घराच्या हॉलइतकं मोठं कटिंगचं टेबल. साधारण माझ्याच वयाचा एक कटर पुढे आला, गळ्यात टेप टाकलेला. हसून म्हणाला, काय मदत करू?

आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "माझे वडील बाँडच्या सिनेमांचे मोठे फॅन आहेत. त्यांना फक्त बघायचं होतं."

शब्द बाहेर पडले आणि मला कळलं, मी पुन्हा तेच केलं होतं.

अण्णांना इंग्रजी येत नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. पण तीन आठवडे नातवाबरोबर टीव्ही बघून त्यांच्या पदरी चार शब्द पडले होते. ते एक पाऊल पुढे झाले. "नो फॅन," ते म्हणाले. "टेलर. फॉर्टी-थ्री इयर्स." मग माझ्याकडे न बघता हात पुढे केला. कटरने त्यांचा हात हातात घेतला, उलटा करून मधल्या बोटाकडे बघितलं. अंगुस्तान्याने पडलेला घट्टा तिथे अजून आहे. त्याने आपलं बोट पुढे केलं. त्यालाही तिथेच.

पुढचा पाऊण तास मी दुभाष्याचं काम केलं आणि वाईट केलं. टेबलाशेजारी कच्च्या दोऱ्याने जोडलेला एक कोट बुजगावण्यावर चढवलेला होता, पहिल्या ट्रायलसाठी. अण्णांनी विचारून त्याची पुढची बाजू दोन बोटांच्या चिमटीत धरली आणि चोळली. कटर हसायला लागला. मला कळेना. अण्णांनी सांगितलं, आतला कॅनव्हास चिकटवलेला आहे का सुटा आहे, ते चिमटीत कळतं. चिकटवलेला नव्हता. लॅपलला आतून शेकडो बारीक तिरके टाके होते, म्हणून ती दाबून बसवल्यासारखी न दिसता आपोआप वळत होती. मग अण्णांनी विचारलं, "मुंढा एवढा वर घेतल्यावर काखेत रुतत नाही का?"

झालं. मुंढ्याला इंग्रजीत काय म्हणतात? मी मराठीची एम.ए., आपल्या मंडळाच्या रविवारच्या वर्गात मुलांना शब्दार्थ सांगणारी बाई, 'द होल व्हेअर द स्लीव्ह' असं काहीतरी बडबडत राहिले. लहानपणापासून रोज ऐकलेला शब्द, पण त्याची गरज पडेल असं कधी वाटलंच नव्हतं. तोवर अण्णांनी स्वतःचा हात वर करून दाखवला होता आणि कटरने उत्तर देऊनही टाकलं होतं, तेही हातानेच. मुंढा लहान आणि वर असला तर हात उचलला तरी कोट उचलला जात नाही. अण्णा म्हणाले, "ते मला माहीत आहे. पण आमचं गिऱ्हाईक म्हणतं, सैल ठेवा, लग्नानंतर पोट सुटतं." हे मात्र मी चांगलं भाषांतर केलं. कटरने सांगितलं की त्यांचीही पोटं सुटतात, म्हणून शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात. त्याला ते 'इनले' म्हणतात.

"आम्ही माया म्हणतो," अण्णा म्हणाले.

शिवणीत माया ठेवायची, पुढे लागली तर उसवून वाढवता येते. हा शब्द त्याला समजावून सांगायचा मी प्रयत्न केला, की याच शब्दाचा दुसरा अर्थ काय होतो. त्याने दोनदा म्हणून बघितला, "माया, माया."

तेव्हा अण्णांनी पिशवीतून ती वही काढली. सकाळपासून ती पिशवीत होती हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे कुठे जायचंय याचा अंदाज त्यांना आला असावा, किंवा ते ती रोजच घेऊन फिरत असावेत. पानांवर मापं, टाचणीने लावलेले कापडाचे तुकडे, आणि कडेला अण्णांच्या खुणा. 'उ.खा.' म्हणजे उजवा खांदा उतरता. 'पो.' म्हणजे पोट पुढे. कटरने स्वतःचं रजिस्टर उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे 'डी.आर.' होतं. डाउन राइट, म्हणजे तेच, उजवा खांदा उतरता. दोघांनी एकमेकांची अक्षरं वाचली. तिकडे मापं इंचात, इकडेही इंचात. मला कुणी काही विचारलं नाही. मग वहीचं ते पान आलं, पेन्सिलने काढलेला थ्री-पीस, वेस्टकोटाला लॅपल. खाली मराठीत 'गोल्डफिंगर, राखाडी' आणि मास्तरांच्या अक्षरात, 'बटणं बघितलीस का? किती?' कटर ते चित्र बराच वेळ बघत राहिला आणि मग आम्हाला म्हणाला, खाली या.

तळघरातलं फार लिहीत नाही. उष्णता, इस्त्रीची वाफ, ओल्या लोकरीचा वास. तो वास आमच्या दुकानाचा होता. अण्णांना एका बाईने बसायला स्टूल दिलं, त्या तिथे काजं करत होत्या, हाताने. अण्णा त्यांच्या हाताकडे बघत बसले आणि स्वतःचे हात त्यांनी मांडीखाली घातले. काही वर्षांपासून त्यांच्या हातांना कंप आहे. दुकान बंद झालं ते रेडिमेडमुळे, असं ते सगळ्यांना सांगतात. ते खरंही आहे. पण पूर्ण खरं नाही, हे मला त्या स्टुलाजवळ उभं राहून कळलं.

निघताना मी किंमत विचारली. माझ्या मनात काय होतं कोण जाणे, नोकरी सोडलेली बाई काय विकत घेणार होते मी! दोन पीसचा सूट पाच-सहा हजार पौंडांच्या पुढेच जातो. तीन ट्रायल, पन्नासहून जास्त तासांचं हातकाम. बाहेर आल्यावर मी आकडा सांगितला तेव्हा मला वाटलं ते डोक्याला हात लावतील. त्यांनी तास किती लागतात ते पुन्हा विचारलं, बोटांवर हिशोब केला आणि म्हणाले, "बरोबर आहे. आम्हीच स्वस्तात दिलं."

तिथून पिकॅडिली ओलांडून जर्मिन स्ट्रीटवर गेलो. टर्नबुल अँड ॲसर हे १८८५ पासूनचं शर्टांचं दुकान, कॉनरीचे 'डॉ. नो'मधले शर्ट त्यांचेच. त्या शर्टांच्या मनगटावर कफलिंक नसते. कफ उलटा दुमडलेला असतो आणि दोन बटणांनी बंद होतो. अण्णांनी काचेतून बघितलं, आत जायला नको म्हणाले. "हे येतं मला," एवढंच.

परतीच्या गाडीत मी बराच वेळ शब्द जुळवत होते. शेवटी म्हटलं, "अण्णा, मी मघाशी फॅन म्हणाले ते…"

"फॅन आहेच की मी. खोटं नव्हतं ते." गाडी बोगद्यातून बाहेर आली होती, ते खिडकीतून बघत होते. "आणि कापडाचा व्यवसाय म्हणालीस तेही खोटं नव्हतं. कापड होतंच की दुकानात."

दहा वर्षं झाली होती त्याला. मी काही बोलले नाही. हॅरो आलं, शाळा सुटायची वेळ झाली होती.

पुढच्या शनिवारी आम्ही गोल्डहॉक रोडवरून पांढरं पॉपलिन आणलं. मंडळातल्या एका मैत्रिणीने शिलाई मशीन दिलं. कापलं अण्णांनी, कात्री चालवताना हात स्थिर राहतो, असं ते म्हणतात आणि राहिलाही. मशीन मी मारलं. लहानपणी ज्या मशीनला मी हात लावायला तयार नसायचे, त्याची पायडल आता विजेची आहे एवढाच फरक. नवऱ्यासाठी शर्ट, दुमडलेल्या कफचा, दोन बटणांचा. अण्णा ऑगस्टमध्ये परत गेले तेव्हा उजवा कफ पूर्ण झाला होता आणि डाव्याची काजं राहिली होती.

ती मी हाताने करते आहे. दर रविवारी वर्ग संपला की व्हिडिओ कॉल लावायचा, फोन डब्याला टेकवून ठेवायचा आणि कफ कॅमेऱ्यासमोर धरायचा. अण्णा चष्मा कपाळावर घेऊन अगदी जवळ येतात, पडद्यावर फक्त त्यांचा एक डोळा दिसतो.

"खालचे टाके लांब पडलेत," ते म्हणतात. "उसव."